वॉटरप्रूफ स्पीकर नक्की किती वर्षं चालतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात पावसाळी गॅजेट्सवर दोन ओळी काय लिहिल्या, ब्लूटूथ स्पीकरवर पत्रांचा ढीगच आला. "कुठला घेऊ" विचारणारी पत्रं यावेळी बाजूला ठेवलीत, मॉडेलं दर वर्षी बदलतात, आज लिहिलेलं दिवाळीला शिळं होतं. ज्यांनी स्पीकर घेऊन दोन-चार वर्षं झालीत आणि आता कटकटी सुरू झाल्यात त्यांचेच प्रश्न घेतोय. एक आधीच सांगून टाकतो, दुरुस्तीच्या टेबलावर जे वॉटरप्रूफ स्पीकर येतात त्यात पाण्यात बुडून मेलेले कमीच असतात. बॅटरी गेलेले नाहीतर चार्जिंग पोर्ट गेलेले, हेच जास्त.

प्रश्न : दादा, आमचं मालवणात छोटं होमस्टे आहे. पाहुण्यांसाठी एक स्पीकर घेतला, बॉक्सवर आयपीएक्स७ वॉटरप्रूफ असं मोठ्ठं छापलेलं, त्याला आता चार वर्षं झाली. पाहुणे तो सरळ किनाऱ्यावर नेतात, तरंगतो म्हणून कधी समुद्रात पण सोडतात. आता चार्जिंगच्या जागी हिरवट काहीतरी साचलंय, वायर वाकडी धरली तरच चार्ज होतो, आणि आवाज वाढवला की एका बाजूने खर्र खर्र येतं. वॉटरप्रूफचे जास्तीचे पैसे घेतले ना मग कंपनीने? — होमस्टेवाली ताई, मालवण

उत्तर : ताई, चार वर्षं समुद्राकाठी आणि तेही पाहुण्यांच्या हातात, म्हणजे तो बराच टिकला म्हणायचं. पण तुमचा राग समजतो, कारण त्या आयपीएक्स७ चा अर्थ बॉक्सवर कुणी नीट सांगतच नाही.

आयईसी ६०५२९ नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, हे आकडे त्यातले. पहिला आकडा धुळीचा, ० ते ६. दुसरा पाण्याचा, ० ते ९. पाण्याचा ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं ठेवलं आणि आत नुकसान होईल एवढं पाणी गेलं नाही, संपलं. ते पाणी गोडं असतं, शांत असतं, आणि त्यात टाकलेला स्पीकर कोरा करकरीत असतो. लाटेचा फटका, मीठ, चार उन्हाळे सोसून कडक झालेलं रबर, यातलं काहीही त्या टेस्टमध्ये नाही. अजून एक गंमत सांगतो, ७ पास झालेला स्पीकर नळाच्या जोरदार धारेत टिकेलच असं नाही, कारण जोरदार धारेची टेस्ट वेगळी, ती ५ आणि ६ नंबरची, सहाच्या टेस्टला मिनिटाला १०० लिटर पाणी मारतात. म्हणून गाडी धुवायच्या प्रेशर पंपाने स्पीकर धुणाऱ्यांना हात जोडून विनंती की नका करू.

तुमचा हिरवा थर म्हणजे तांब्याला चढलेला गंज. पोर्टच्या आतल्या बारीक पट्ट्यांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो, रोज वायर घालून-काढून तो घासतो, खालचं तांबं उघडं पडतं, त्यावर खारं पाणी बसतं. नुसतं बसलं तर त्याला वेळ लागतो, पण ओल्या पोर्टमध्ये चार्जर लावला की करंट थेट त्या मिठाच्या पाण्यातून जायला लागतो आणि जे काम वर्षात झालं असतं ते काही वेळा ओलं चार्ज केल्यावरच होऊन जातं. त्यात कोकणची हवा. सुकलेलं मीठ हवेतला दमटपणा परत ओढून घेतं, त्यामुळे वरून कोरडा दिसणारा पोर्ट आतून कोरडा नसतोच.

आता करायचं काय. समुद्रावरून आला की लगेच गोड्या पाण्याच्या बादलीत हलकेच बुचकळायचा, पोर्टचं तोंड खाली करून झटकायचा, आणि रात्रभर पंख्याखाली ठेवायचा. चार्जिंग सकाळी, रात्री नाही. ही पाटी खोलीत लावा, पाहुणे वाचतील तेवढे वाचतील. सध्याचा थर एखाद्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने साफ करून घ्या, घरी टाचणी घालून खरवडू नका, पट्ट्या वाकतात. साफ करूनही वायर वाकडीच धरावी लागली तर पोर्ट बदलायला लागेल.

खर्र आवाजाचं कारण बहुतेक वाळू. आयपीएक्स मधल्या एक्सचा अर्थ, धुळीच्या टेस्टबद्दल कंपनी काही सांगतच नाहीये. स्पीकरच्या दोन्ही टोकांना त्या गोल चकत्या धपधप हलतात ना, त्यांना पॅसिव्ह रेडिएटर म्हणतात. साध्या डब्याच्या स्पीकरला बेससाठी एक भोक असतं, इथे भोक ठेवलं तर पाणी जाणार, म्हणून वायर नसलेला, चुंबक नसलेला नुसता पडदा बसवतात आणि आतल्या हवेच्या दाबावर तो नाचतो. त्याच्या कडेला रबराची घडी असते, वाळू तिथे बसते. रत्नागिरीच्या मांडवीसारखी काळी वाळू असेल तर अजून वाईट, त्यात चुंबकाला चिकटणारे कण असतात आणि जाळीतून आत गेले तर मेन ड्रायव्हरच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या मुख्य पडद्याच्या, चुंबकापाशी जाऊन बसतात, तिथून सहज निघत नाहीत. मऊ ब्रश आणि पाण्याची हलकी धार, एवढंच करा. व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, पडदा ओढला जातो. ब्लोअर पण नको.

साफ करूनही खरखर राहिली तर रबराला चीर गेलीय असं समजा आणि मग तो स्पीकर पाण्याजवळ नेऊच नका, ओट्यावर रेडिओसारखा वाजू द्या. पुढचा घेताना आयपी६७ किंवा ६८ बघा, त्यात धुळीचा ६ असतो, किनाऱ्यासाठी तो पाण्याच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. पैशांचं म्हणाल तर चार वर्षांनी वॉरंटीत काही बसणार नाही, पण नवीन घेताना वॉरंटी कार्डावर गंज आणि खाऱ्या पाण्याबद्दल काय लिहिलंय ते दुकानातच वाचा, आणि वॉरंटीत असून कोणी टोलवाटोलवी करत असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आणि हो, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावायला २००० सालच्या ध्वनी नियमांत बंदी आहे, तेही पाटीवर लिहून टाका. शेजारी दुवा देतील.

प्रश्न : सर, माझा स्पीकर दोन वर्षांचा आहे. नवीन होता तेव्हा आरामात दहा-बारा तास चालायचा, आता तीन तासात खलास. त्यात विचित्र म्हणजे ४० टक्के बॅटरी दाखवत असतो आणि फुल व्हॉल्यूमला एखादं बेसवालं गाणं लागलं की फट्टकन बंद. परत चालू केला की चालतो. पाण्याने झालं असेल का? रविवारी ट्रेकला बॅगेला लटकवतो, बाकी दिवस गाडीतच असतो. — ट्रेकर, पुणे

उत्तर : "बाकी दिवस गाडीतच असतो", उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय.

लिथियम बॅटरीला पाण्यापेक्षा उष्णतेची भीती जास्त. एप्रिल-मे मध्ये उन्हात उभ्या बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांपर्यंत तापू शकतो, आणि असल्या बॅटऱ्या साधारण ४५ अंशांच्या वर चार्जसुद्धा करायच्या नसतात. त्यात बॅटरी फुल भरलेली असेल तर झीज अजून जोरात होते. साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरून रिकामी केली की बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते असा हिशोब आहे, पण तो घरातल्या थंडाव्याचा हिशोब आहे, डॅशबोर्डवरचा नाही.

आता ते ४० टक्क्यांवर बंद पडणं. बॅटरी म्हातारी झाली की तिच्यात साठा कमी होतो हे सगळ्यांना कळतं, पण तिचा आतला रेझिस्टन्सही वाढतो हे कुणी सांगत नाही. हळू आवाजात थोडा करंट लागतो तोवर ठीक चालतं. बेसचा दणका आला की अँप्लिफायर एकदम भरपूर करंट मागतो, व्होल्टेज धाडकन खाली येतं, आतल्या सर्किटला वाटतं बॅटरी संपली आणि ते सगळं बंद करून टाकतं. परत चालू केलं की व्होल्टेज सावरलेलं असतं. म्हणजे टक्केवारी खोटी नाहीये, ताकद संपलीये.

तात्पुरता उपाय एकदम सोपा, व्हॉल्यूम थोडा खाली घ्या. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट पॉवर लागते, म्हणून शेवटच्या दोन-तीन घरात बॅटरीचा सगळा चुराडा होतो आणि ऐकायला फरक मात्र किरकोळ. अॅपमध्ये बेस कमी केला तर तो अजून जास्त चालेल.

बॅटरी बदलता येते का, तर बहुतेक मॉडेलमध्ये येते, पार्ट मिळतो, पण इथे खरी मेख आहे. स्पीकर उघडताना गोंद, गॅस्केट, कधीकधी जाळीच्या क्लिपा, काहीतरी तुटतंच. दुकानदार सिलिकॉन मारून बंद करून देतो आणि म्हणतो वॉटरप्रूफ आहे साहेब. नसतो. एकतर एक मीटर पाण्याची टेस्ट त्याने केलेली नाही, आणि दुसरं म्हणजे बाथरूमच्या फटी भरायचं व्हिनेगरसारख्या वासाचं साधं सिलिकॉन वापरलं असेल तर ते सुकताना अ‍ॅसिड सोडतं आणि आतलं तांबं खातं. सांगायचंच असेल तर न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना अ‍ॅसिड न सोडणारं सिलिकॉन लाव म्हणून सांगा. तरीपण बॅटरी बदललेला स्पीकर शिंतोड्यापुरताच धरायचा, पोहायला न्यायचा नाही. आणि स्पीकर फुगलेला दिसत असेल, बटणांचं रबर वर आलेलं असेल, तर चार्ज करायचा नाही, उशीजवळ ठेवायचा नाही, सरळ ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचा.

पुढच्या वेळी गाडीत ठेवू नका. महिनाभर वापरणार नसाल तर अर्धा चार्ज करून कपाटात ठेवा, पूर्ण रिकामा ठेवला आणि सहा महिने विसरलात तर तो परत उठेलच याची खात्री नाही. आणि ट्रेकला बॅगेला लटकवून गाणी लावणं... आता विचारलं नाहीत तरी सांगतो, गडावर वर येणारी बाकीची माणसं वाऱ्याचा आवाज ऐकायला आलेली असतात. हेडफोनचं वजन कमी असतं.

प्रश्न : स्पीकर पाण्यात पडला होता, तांदळात ठेवला आहे. किती दिवस ठेवू? — गृहिणी, सातारा

उत्तर : आत्ताच काढा. तांदूळ काही ओढत-बिढत नाही, उलट पीठ आणि बारीक कणी पोर्टमध्ये जाऊन लगदा होतो. पोर्ट खाली करून पंख्याखाली एक-दोन दिवस. हेअर ड्रायर नको. तांदळाचा भात करा, स्पीकरला हात लागलाय म्हणून टाकू नका.

प्रश्न : अहो, मी निवृत्त माणूस, शास्त्रीय संगीत ऐकतो, जुनी रेकॉर्डिंग्ज. मुलाने वाढदिवसाला वॉटरप्रूफ स्पीकर दिला, पाण्याशी माझा काही संबंध नाही, पण आता दिलाय तर वापरतोय, तीन वर्षं झाली. तबल्याचा डग्गा नुसता घुमतो, गायकाचा आवाज मागे जातो, आणि तानपुरा तर ऐकूच येत नाही धड. मुलगा म्हणतो वापरून वापरून आवाज मोकळा होईल. तीन वर्षांत झाला नाही. उलट पहिल्यापेक्षा दबल्यासारखा वाटतो. माझे कान गेले की स्पीकर? — काका, डोंबिवली

उत्तर : काका, कानांबद्दल डॉक्टर सांगतील, पण स्पीकरबद्दल तुम्ही जे ऐकताय ते बरोब्बर ऐकताय.

हे स्पीकर मुळात उघड्यावर, माणसांच्या गोंगाटात वाजायला ट्यून केलेले असतात. मोकळ्यावर भिंती नसतात, बेस उडून जातो, म्हणून कंपनी वरचा बेस, म्हणजे साधारण १०० हर्ट्झच्या आसपासचा भाग, फुगवून ठेवते. तोच स्पीकर तुम्ही दहा बाय बाराच्या खोलीत, बहुतेक भिंतीला चिकटून, टेबलाच्या कोपऱ्यात ठेवलेला असणार. भिंत आणि कोपरा मिळून बेस अजून वाढवतात. डग्गा घुमणारच. आधी स्पीकर भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढा, बसल्यावर तुमच्या कानाच्या उंचीला येईल असा ठेवा, जाळीची बाजू तुमच्याकडे. खाली एखादी जाड वही नाहीतर नॅपकीन टाका म्हणजे टेबल वाजणार नाही. मग मुलाकडून फोनमध्ये कंपनीचं अॅप टाकून घ्या, त्यात बेसची दांडी निम्म्याखाली आणा. गायक लगेच पुढे येऊन बसेल.

तानपुऱ्याचं जरा वेगळं आहे. पुरुष गायकाचा काळी एकचा तानपुरा धरला तर जोडीच्या तारा १३८ हर्ट्झच्या आसपास आणि खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे ६९. आता जेबीएल कंपनीच्या फ्लिप ६ सारखा मध्यम स्पीकर कागदावर ६३ हर्ट्झपर्यंत उतरतो, पण त्यांचाच तळहातावर मावणारा गो ३ घेतला तर तो ११० च्या खाली जातच नाही, म्हणजे खर्जाचा मूळ सूर त्यातून निघतच नाही. तरी आपल्याला खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण वरचे स्वयंभू स्वर ऐकून मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो. तानपुऱ्याची सगळी मजा त्या वरच्या स्वरांच्या झंकारातच असते, आणि बेस फुगवलेल्या स्पीकरमध्ये नेमका तोच दबतो. म्हणून बेस कमी केला की तानपुरा परत येईल, उलट वाटतं पण तसंच आहे.

मुलगा म्हणतो तो "मोकळा होणे" प्रकार... पडद्याचं नवं रबर सुरुवातीला किंचित सैल होतं हे खरं, पण ते पहिल्या थोड्या तासांतच. बाकी सवय आपल्या कानाला होते. तीन वर्षांनी दबलेला आवाज मात्र खरा असू शकतो. कापडी जाळीत धूळ आणि स्वयंपाकघरातलं तेलकट बसलं की वरचे सूर आधी मरतात. स्पीकर वॉटरप्रूफ आहे ना, मग त्याचा फायदा घ्या, कोमट पाण्यात मऊ ब्रशने जाळी हलकेच धुवा आणि दिवसभर वाळू द्या. तुमचा पाण्याशी संबंध नाही म्हणालात, तेवढाच आला! दुसरं, अॅपमधून अपडेट आलं की कधीकधी आवाजाचं सेटिंग परत मूळ जागी जातं, ते एकदा बघा.

ब्लूटूथमुळे आवाज खराब होतो ही तक्रार तुमच्या बाबतीत सोडून द्या. साधं एसबीसी कोडेकसुद्धा, म्हणजे ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायची नेहमीची पद्धत, चांगल्या सेटिंगला सेकंदाला ३२८ किलोबिटपर्यंत पाठवतं, आणि ७८ आरपीएमच्या तव्यांवरून काढलेल्या रेकॉर्डिंगमध्ये मुळात जेवढं आहे तेवढं त्यात आरामात मावतं. स्टीरिओचीही काळजी नको, असले बरेचसे स्पीकर आतून मोनोच असतात आणि ते जुने तवेही मोनोच. फक्त एक, नुसतं घरात ऐकायचं असेल तर पुढच्या वाढदिवसाला मुलाला सांगा, त्याच पैशांत वायरचे दोन साधे बुकशेल्फ स्पीकर येतात, आवाजात हे वॉटरप्रूफवाले त्यांच्या जवळपासही येत नाहीत आणि बॅटरी नसल्याने टिकतातही जास्त.

प्रश्न : काय राव, माझ्या स्पीकरच्या अंगावरचं काळं रबर लई चिकट झालंय, हात लावला की हाताला लागतंय, धूळ चिकटून घाण दिसतंय. आवाज एक नंबर आहे अजून. टाकून देऊ का? — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : टाकू नको रे. हातात धरायला मऊ लागावं म्हणून जो थर देतात तो बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा असतो, आणि हवेतल्या ओलाव्याने तो हळूहळू विरघळल्यासारखा सुटतो, पावसाळ्यात बंद कपाटात ठेवला असशील तर अजून लवकर. घामाचं आणि सनस्क्रीनचं तेल भर घालतं. कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन चोळ, चिकट थर निघून खालचं गुळगुळीत प्लास्टिक उघडं पडेल, दिसायला जरा भुंडं पण स्वच्छ. पेट्रोल, थिनर लावू नको, खालचं प्लास्टिक आणि गॅस्केट दोन्ही खराब होतात. अल्कोहोलसुद्धा पडद्याच्या रबराला आणि पोर्टच्या झाकणाला लागू देऊ नको. बाहेरचा थर गेला म्हणून वॉटरप्रूफपणा जात नाही, तो आतल्या गॅस्केटवर असतो.

प्रश्न : मी रोज आंघोळीला स्पीकर बाथरूममध्ये घेऊन जाते, वॉटरप्रूफच आहे म्हटल्यावर शॉवरखालीच ठेवते. चालेल ना? — आयटीवाली, हिंजवडी

उत्तर : पाणी चालेल, गीझरची वाफ आणि शाम्पू नाही चालणार. टेस्ट साध्या पाण्याची असते, वाफेची नाही. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि जिथून नुसतं पाणी आत शिरत नाही तिथून साबणाचं पाणी शिरतं. आणि गरम झालेला स्पीकर एकदम गार पाण्याखाली धरला की आतली हवा आकसते आणि कुठे बारीकशी फट असेल तर तिथून पाणी आत ओढलं जातं. हेच उन्हात तापलेला स्पीकर सरळ स्विमिंग पूलमध्ये टाकणाऱ्यांनाही लागू. शॉवरपासून लांब, कट्ट्यावर ठेवा, आंघोळ झाली की बाहेर आणा, आत ठेवून दार लावू नका.

प्रश्न : मी डान्स क्लास घेते. एका कंपनीचे दोन स्पीकर आहेत, एक जुना एक नवा, दुकानदार म्हणाला होता की दोन्ही जोडून एकत्र वाजतील. ते जोडलेच जात नाहीत! दोन्ही चांगले चालतात हो. — डान्स टीचर, नाशिक

उत्तर : तुमचे स्पीकर बिघडलेले नाहीत, कंपनीने मधल्या काळात स्पीकर एकमेकांशी जोडायची भाषा बदलली. जेबीएलचंच उदाहरण घ्या, चार्ज ४ च्या वेळी कनेक्ट प्लस होतं, फ्लिप ५, ६ आणि चार्ज ५ ला पार्टीबूस्ट आलं, आणि आता फ्लिप ७, चार्ज ६ ला ऑराकास्ट. एका पिढीचा स्पीकर दुसऱ्या पिढीशी जोडला जात नाही. बाकी कंपन्यांचंही थोड्याफार फरकाने हेच. टिकाऊपणाच्या गप्पा मारताना रबर आणि बॅटरी सगळे बघतात, पण चांगला धडधाकट स्पीकर असा सॉफ्टवेअरमुळेही अर्धा निकामी होतो आणि त्याला वॉरंटी नाही. भर म्हणून वायरने जोडायचं ऑक्सचं भोकही काढून टाकलंय, चार्ज ४ ला होतं, चार्ज ५ ला नाही. तुमच्या दोन्ही स्पीकरला ऑक्स असेल तर फोनच्या हेडफोन जॅकला दुकानात मिळणारं साधं वाय स्प्लिटर लावून दोन्हीकडे वायर न्या, एकदम सोबत वाजतील आणि ब्लूटूथचा तो पाव सेकंदाचा उशीरही जाईल, जो डान्समध्ये तुम्हाला नक्की खटकत असणार. नसेल तर दोघांपैकी एक विकून दुसऱ्याच्या पिढीचा वापरलेला शोधा.

प्रश्न : नमस्कार, मी म्युनिकला असतो. इथे २०२७ पासून बॅटरी स्वतः बदलता येईल असा कायदा येतोय म्हणे, तर नवीन स्पीकर घ्यायला तोवर थांबू का? आणि भारतात येताना स्पीकर चेक-इनमध्ये टाकला तर चालेल का? — वाचक, म्युनिक

उत्तर : कायदा खरा आहे, युरोपियन युनियनचा २०२३ चा बॅटरी नियम, त्यातलं हे कलम लागू होतंय ते १८ फेब्रुवारी २०२७ पासून. पण त्यात एक पळवाट आहे. मुख्यतः ओल्या जागी वापरायच्या आणि धुता येण्यासारख्या वस्तूंना सूट आहे, तिथे बॅटरी ग्राहकाला नाही तर स्वतंत्र तंत्रज्ञाला काढता आली तरी पुरे. वॉटरप्रूफ स्पीकरवाले त्या दारातून आत शिरायचा प्रयत्न करणारच. थांबायची गरज नाही, जेबीएल एक्स्ट्रीम ४ ला आयपी६७ असूनही बॅटरी बदलता येते, म्हणजे हे जमतं, फक्त करायची इच्छा पाहिजे.

विमानात हँडबॅगेतच ठेवा. १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी चालते, जेबीएल चार्ज ५ ची ७५०० एमएएचची बॅटरी २७ वॉट-अवर भरते, त्यामुळे तिथे अडचण नाही. प्रवासात पूर्ण बंद करा, बॅगेत बटण दाबलं जाऊन गाणी सुरू झाली की सिक्युरिटीवाले तुमच्याकडे बघतील.

प्रश्न : भाऊ, हॉस्टेलमध्ये एक जण दोन वर्षं वापरलेला आयपी६७ स्पीकर अर्ध्या किमतीत विकून राहिला. घेऊ का? पाण्यात टाकून बघायला तो नाही म्हणतो. — विद्यार्थी, नागपूर

उत्तर : नाही म्हणतो ते बरोबर आहे त्याचं, मीही नाही म्हटलं असतं. पाण्यात न टाकताही बरंच कळतं. स्पीकर बंद कर आणि एका टोकाची चकती अंगठ्याने अगदी हळू, मधोमध आत दाब. डबा हवाबंद असेल तर दुसऱ्या टोकाची चकती त्याच वेळी बाहेर येते आणि सोडल्यावर दोन्ही जागेवर जातात. दुसरी हललीच नाही किंवा दाबून धरल्यावर हळूहळू परत आत बसली तर कुठूनतरी हवा जातेय, आणि हवा जाते तिथून पाणीही जाऊ शकतं. दोन्ही चकत्या जाळीच्या आत झाकलेल्या असतील तर ही परीक्षा करता येत नाही, मग नुसतं रबर उजेडात धरून चीर बघ.

मग पोर्टमध्ये टॉर्च मार, हिरवं-पांढरं काही दिसलं तर भाव पाड. वायर लावून ती हलव, चार्जिंग तुटतं का बघ. झाकण असेल तर ते घट्ट बसतंय ना, कारण झाकण उघडं असताना आयपी६७ ला काही अर्थ नाही. निम्म्या बॅटरीवर आणून फुल व्हॉल्यूमला जड बेसचं गाणं लाव, वरच्या पत्रात पुण्याच्या ट्रेकरचा जसा बंद पडतो तसा पडला तर बॅटरीचा खर्च किमतीतून वजा कर. डुप्लिकेट माल पण फार फिरतोय, कंपनीच्या अॅपने स्पीकर ओळखला नाही आणि हातात घेतल्यावर हलका लागला तर हात जोडून परत दे.

एवढं सगळं ठीक निघालं तरी दोन वर्षांच्या स्पीकरला अर्धी किंमत जास्तच आहे. बॅटरीचं निम्मं आयुष्य गेलंय आणि वॉरंटी संपलीये, तिसऱ्या हिश्श्यात दे म्हण, त्याहून जास्त मागितले तर सेल येईपर्यंत थांब आणि नवीनच घे.